चार पिढ्यांची पहिली परदेशवारी: मॉरिशसबद्दल सल्ला हवा

ऊसमळा | ११ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून परदेशी जायचं ठरतंय. सगळे म्हणजे सासूबाईंच्या आई (वय ८३, आम्ही सगळेच त्यांना आजी म्हणतो), सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि तीन मुलं. धाकटं चार वर्षांचं आहे. नवरा आणि दीर कामानिमित्त बाहेर जाऊन आलेत. बाकी कुणाच्या पासपोर्टवर अजून शिक्का नाही आणि आजींना तर पासपोर्टच काढायचाय.

सासरे वाळवा तालुक्यातले. आख्खं आयुष्य ऊस आणि कारखाना यात गेलं. सासूबाईंचं माहेर गुहागरकडचं. आजींचे गुडघे गेलेत, घरात काठीनं फिरतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. डोकं मात्र लख्ख.

दिरांनी सिंगापूर-मलेशियाचं पॅकेज आणलंय. त्यात दर दोन दिवसांनी हॉटेल बदलायचं आणि सकाळी साडेसातला बसमध्ये बसायचं. ते वाचूनच मला आजींचा चेहरा दिसला. माझ्या मनात मॉरिशस आहे. मुंबईहून थेट विमान आहे, आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, घड्याळात फक्त दीड तासाचा फरक. पण तिथे नवपरिणीत जोडप्यांखेरीज कुणी जात नाही असं घरात सगळ्यांचं मत पडलं. सहकुटुंब जाऊन आलेलं कुणी आहे का इथे?

काजूबिया | ११ ऑगस्ट

आईबाबांना घेऊन सिंगापूर केलंय. शहर ज्येष्ठांसाठी उत्तम आहे. जिथे तिथे लिफ्ट, स्वच्छ स्वच्छतागृहं, व्हीलचेअरला कुठे अडत नाही. पण चालणं फार होतं आणि दुपारचा दमटपणा जीव काढतो. एकाच हॉटेलात राहून फक्त सिंगापूर केलंत तर जमेल. मलेशिया जोडू नका, एवढं नक्की सांगते.

पेठेतला_माणूस | १२ ऑगस्ट

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. ८३ व्या वर्षी विमानाचा सहा तासांचा प्रवास, परका देश, परकं पाणी. काही झालं तर तिथे कुणाकडे धावणार? त्यांना कोकणात त्यांच्या माहेरी चार दिवस न्या, त्यांना जास्त आनंद होईल. परदेश तुम्ही पुढच्या वर्षी करा. माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही असंच ठरवलं होतं आणि ते समाधानी होते.

डॉ_अबोली | १२ ऑगस्ट

वयाचा आकडा बघून कुणाला घरी ठेवू नये, त्यांचा दिवस कसा जातो ते बघावं. ज्या बाई घरात स्वतःचं स्वतः करतात, ज्यांचा रक्तदाब गोळीनं ताब्यात आहे, त्यांनी सहा तासांचा प्रवास करायला सहसा हरकत नसते. तरी निघण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा आणि प्रवासयोग्य असल्याची चिठ्ठी घ्या.

बाकी काही गोष्टी अनुभवातून सांगते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा आणि निघण्याच्या दोन दिवस आधी फोन करून पुन्हा खात्री करा. व्हीलचेअरच्या प्रवाशांना विमानातून सगळ्यांत शेवटी उतरवतात, तेव्हा त्यांच्यासोबत कुणी थांबायचं ते आधीच ठरवा. विमानात दर तास-दीड तासानं उठवून दोन पावलं चालवा. उठणं होत नसेल तर बसल्या जागी घोटे फिरवायचे आणि टाचा वर-खाली करायच्या. लघवीला जावं लागेल म्हणून ज्येष्ठ बायका पाणीच पीत नाहीत. हे कटाक्षानं बघा, नाहीतर उतरल्यावर चक्कर येते.

औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीच्या नावासोबत औषधाचं मूळ नावही लिहून घ्या. मॉरिशस या बाबतीत कडक आहे. झोपेच्या गोळ्या, मन शांत ठेवणारी औषधं आणि ट्रामाडॉलसारखी तीव्र वेदनाशामकं न्यायची तर तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागते. गुडघेदुखीवाल्यांच्या डब्यात यातलं काही नकळत असतं, म्हणून डबा एकदा डॉक्टरांसमोर उघडा. प्रवास विमा घेताना आजींचा रक्तदाब लपवू नका. लिहिलेला नसेल तर दाव्याच्या वेळी तोच आडवा येतो.

कात्रबोर्नकर | १३ ऑगस्ट

मी नोकरीनिमित्त इथे मॉरिशसमध्ये कात्र बोर्नला राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, वेळ उत्तम निवडलीय. आपल्याकडे थंडीची चाहूल लागते तेव्हा इथे उन्हाळा सुरू होत असतो. ऑक्टोबरअखेर पाऊस कमी, समुद्र कोमट आणि वादळांचा मोसम अजून लांब. वादळांची खरी धास्ती जानेवारी ते मार्च.

दुसरी गोष्ट, राहायची जागा एकच ठेवा. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद आहे. कुठूनही कुठेही जाऊन संध्याकाळी परत येता येतं, तेव्हा हॉटेल बदलायचं काही कारणच नाही. विमानतळ आग्नेय टोकाला आणि गजबजलेलं ग्राँ बे उत्तर टोकाला. तुमच्यासाठी मी पश्चिमेचं फ्लिक-आँ-फ्लाक सुचवीन. लांबलचक किनारा, वर सुरूची झाडं, तळमजल्यावरची स्वयंपाकघरवाली घरं भाड्यानं मिळतात. बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे. लाटा तिथेच फुटतात, किनाऱ्यापर्यंत येतं ते पाणी तळ्यासारखं शांत असतं. कंबरभर पाण्यात आजींनाही उभं राहता येईल. फक्त पायात रबरी बूट सगळ्यांना हवेत. तळाशी समुद्री साळू असतात, क्वचित विषारी काट्याचा दगडमासाही.

खाण्याची काळजी करू नका. इथली धोल पुरी म्हणजे आत वाटाण्याच्या डाळीचा भुगा भरलेली मऊ पोळी, सोबत घेवड्याची उसळ आणि चटणी. रस्त्यावर मिळते, पूर्ण शाकाहारी. गातो पिमाँ म्हणजे डाळीचे मिरची वडे. दुधातल्या सब्जाच्या सरबताला आलुदा म्हणतात, मुलं त्यावर तुटून पडतील. इथला रुपया आपल्या रुपयापेक्षा जड, आपले पावणेदोन-दोन रुपये मोजावे लागतात. विजेच्या खाचा ब्रिटिश तीन पिनांच्या, तेवढा अडॅप्टर आणा. ताजी फळं, रोपं, बियाणं आणू नका, विमानतळावर काढून घेतात. सीलबंद कोरडा खाऊ चालतो, पण विचारलं तर सांगा.

तुमच्या सासऱ्यांबद्दल वाचलं आणि हा धागा दोनदा वाचला. त्यांना घेऊन याच. इथे त्या वेळी ऊसतोडणी चालू असते. इथला हंगाम जूनपासून डिसेंबरपर्यंत. बो प्लाँला जुन्या साखर कारखान्याचं संग्रहालय आहे. कारखाना १९९९ मध्ये बंद पडला आणि २००२ मध्ये त्याच इमारतीत, त्याच यंत्रांसकट संग्रहालय उघडलं.

आणि आजींसाठी एक. इथे मराठी माणसं आहेत, मी नोकरदारांबद्दल बोलत नाही. ब्रिटिशांनी १८३४ पासून ऊसमळ्यांसाठी करारावर मजूर आणले. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातून आले, पण मुंबई बंदरातूनही जहाजं निघाली आणि त्यात रत्नागिरीकडची बरीच कुटुंबं होती. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज घरात क्रिओल बोलते, पण गणेश चतुर्थीला इथे देशभर सार्वजनिक सुट्टी असते. शाळेत मराठी शिकता येतं आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. फ्लिक-आँ-फ्लाकच्या जवळ कास्कावेल भागात काही मराठी घरं माझ्या ओळखीची आहेत. आलात की सांगा.

ऊसमळा | १४ ऑगस्ट

कात्रबोर्नकर, तुमचा प्रतिसाद काल रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवला. सासऱ्यांनी फक्त "तोडणी हातानं की मशीननं?" एवढंच विचारलं. ते विचारलं म्हणजे मॉरिशस ठरलं.

पेठेतला_माणूस, राग नाही आला. पण एक मनापासून सांगते. आजी आमच्याकडे राहायला आल्यापासून घरातलं कुणीही कुठे निघालं की त्या आपणहून म्हणतात, "मी राहीन हो घरी, शेजारच्या येतात झोपायला." लग्नं, गोव्याच्या सहली, नातवाचं बक्षीस, सगळ्या वेळी हेच. या वेळी मी त्यांना "याल का?" असं विचारलंच नाही, "पासपोर्टला फोटो काढायला कधी जायचं?" असं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इरकलं नेसून तयार होत्या. आता मागे फिरणं नाही.

अडचण कागदपत्रांची आहे. आजींच्या आधारवर जन्मतारीख १ जून आहे, शाळेच्या दाखल्यावर वेगळी.

दस्तऐवज | १४ ऑगस्ट

त्या पिढीत अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिली. तुमच्याकडे उलट झालंय, दाखल्यावर खरी आणि आधारवर गुरुजींची.

जन्मतारखेसाठी त्यांच्या वयाच्या माणसाला फक्त जन्मदाखलाच लागतो असं नाही. जन्मदाखल्याची सक्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून पुढे जन्मलेल्यांना आहे. बाकीच्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन, आयुर्विम्याच्या पॉलिसीचा कागद यातलं एक चालतं. पण दोन कागदांवर दोन तारखा घेऊन खिडकीवर जाऊ नका. आधी आधार दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या, मग अर्ज करा. नावाचं स्पेलिंगही सगळीकडे एकच हवं. साठीच्या पुढच्यांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात १० टक्के सवलत असते. पोलीस पडताळणीला घरी येतील तेव्हा आजी गावी गेल्या असं होऊ देऊ नका. आणि आजच सुरू करा, भाऊबीज लांब वाटते पण नाही.

तळेगावची_मीना | १६ ऑगस्ट

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. बाथरूमचे फोटो मागवा. बाहेरच्या देशांत टबात उभं राहून आंघोळ करायची असते, त्याचा काठ गुडघ्याएवढा उंच. माझ्या सासूबाई तिथेच घसरल्या होत्या. काठ नसलेली न्हाणी हवी असं घरमालकाला आधीच लिहा. प्लॅस्टिकचा मग आणि रबराची चटई बॅगेत टाका. मग नसला की आपल्या ज्येष्ठांचं सकाळचं सगळंच बिनसतं आणि ते कुणाला सांगतही नाहीत.

स्वयंपाकघरवालं घर घेताय ते चांगलंच, पण सुट्टीत पोळ्या कोण लाटणार हे इथूनच ठरवून जा. नाहीतर दोन्ही सुना आणि सासूबाई तिथल्या ओट्यापाशी आणि बाकीचे पाण्यात.

काजूबिया | १६ ऑगस्ट

मीना +१००. आणि पैशांचंही बोलून घ्या. पॅकेज घेतलंत तर टीसीएस (पॅकेजच्या पैशांसोबत आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो, तो विवरणपत्र भरताना ज्याच्या नावावर कापला त्यालाच परत मागता येतो. दोन भावांत खर्च वाटायचा असेल तर हे आधी लक्षात ठेवा.

ऊसमळा | १९ नोव्हेंबर

मंडळी, आलो जाऊन. सगळे सुखरूप. इथल्या सल्ल्यांवरच सहल उभी राहिली म्हणून नीट लिहायचं होतं, त्यामुळे उशीर झाला.

एकच नियम केला होता आणि तो शेवटपर्यंत पाळला. दिवसाला ठिकाण एकच, तेही दुपारच्या जेवणाआधी. दुपारी घरी, झोप. चारनंतर ज्याला जे हवं ते. आजींचा दिवस जसा घरी असतो तसाच तिथे ठेवला आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती आपला दिवस मांडला. तरुण मंडळींना वाटलं होतं अर्धं बेट बघायचं राहील. राहिलंही. पण कुणी कुणावर वैतागलं नाही, रात्री सगळे एकत्र जेवले, आणि पाहिलेली प्रत्येक जागा आजींसकट सगळ्यांनी पाहिली. मला त्यापुढे सात रंगांच्या मातीचं न पाहिलेलं शामारेल काहीच वाटत नाही.

स्वयंपाकाचंही ठरवून गेलो. घरात फक्त चहा, नाश्ता आणि आजींचा मऊ भात. बाकी बाहेरून. भांडी दोघा भावांनी घासायची. सासूबाई पहिल्या दिवशी चुळबुळत होत्या, तिसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच किनाऱ्यावर फिरून आल्या, चपला हातात घेऊन. त्यांना इतकं मोकळं चालताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

आता सासऱ्यांचं. बो प्लाँच्या संग्रहालयात गाईड मुलगी यंत्रांविषयी बोलायला लागली आणि हे तिच्या पुढे चालत गेले. ऊस टाकायच्या गव्हाणीपासून चरकापर्यंत, तिथून रस गाळायच्या टाक्यांपर्यंत, प्रत्येक यंत्रापाशी थांबून नातवाला सांगत होते की इथून काय जातं आणि तिथून काय निघतं. शेवटी वेगवेगळ्या साखरा चाखायला देतात. त्यातली काळपट, ओलसर साखर बोटांत चोळून त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "ही काकवीच्या जवळची."

परतीच्या वाटेवर तोडणी चाललेली दिसली. गाडी थांबवायला लावली. चालकाला थोडं हिंदी येत होतं, त्यानं मुकादमाशी बोलणं करून दिलं. तिथे एका लागणीवर सहा-सात वर्षं खोडवा (तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) घेतात हे कळल्यावर सासरे गप्पच झाले. आमच्याकडे दोन-तीन खोडव्यांत शेतकरी थकतो. मग त्यांनी बांधावर वाकून एक खोडकी बघितली, फुटव्याचे डोळे मोजले, माती मुठीत घेऊन फोडली. शेतात जागोजाग काळ्या दगडांचे उंच ढिगारे आहेत. आपल्यासारखाच ज्वालामुखीचा दगड. ते ढिगारे त्या करारावर आणलेल्या मजुरांनी हातांनी रचलेले. एकेक दगड वेचून रान मोकळं केल्याशिवाय ऊस लावायला जमीनच नव्हती. सासऱ्यांनी तिथे टोपी काढली. फोटो नाही काढला कुणी.

त्यानंतर पोर्ट लुईचा आप्रवासी घाट त्यांनीच मागितला. आधी आमच्या यादीत नव्हता. जहाजातून उतरलेले मजूर ज्या सोळा पायऱ्या चढून बेटावर आले त्या तिथे आहेत. २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. जागा लहान, प्रवेशाला पैसे नाहीत. मोठ्या मुलाला (वय १२) इतिहासाच्या पुस्तकात याबद्दल एक ओळही वाचल्याचं आठवत नव्हतं. तो तिथे बराच वेळ होता.

आणि आजी. कात्रबोर्नकर, तुमचे आभार कसे मानायचे? तुम्ही ओळख करून दिलेल्या कास्कावेलच्या एक मावशी आमच्याकडे दुपारच्या चहाला आल्या. साठीच्या पुढच्या, फ्रॉकवर स्वेटर, गळ्यात मंगळसूत्र. मराठी शाळेत शिकलेल्या, त्यामुळे जरा पुस्तकी, सावकाश बोलत होत्या. आजींनी पाणी दिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा?" दीड दिवसांचा, असं उत्तर आलं. "आमचाही माहेरी दीडच," आजी म्हणाल्या, आणि मग आम्हाला तिथे काही काम उरलं नाही.

मावशी झाकरीबद्दल सांगायला लागल्या, गणपतीत घुंगरू बांधून गोल करून नाचतात ते. आजी एकदम ताठ बसल्या. त्यांचे थोरले भाऊ गुहागरला जाखडीच्या, म्हणजे तशाच नाचाच्या, फळीत होते. त्यांनी मांडीवर हातानं ताल धरला, मावशींनी टाळ्यांनी तो उचलला. दोघींचा ताल जुळला. शब्द दोघींनाही पूर्ण आठवत नव्हते, तेव्हा नुसता तालच बराच वेळ चालला. माझी जाऊ आत जाऊन रडली.

समुद्रात आजी पहिल्यांदा उतरल्या त्या परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी. दोन्ही बाजूंनी दोन नातू, पायात ते रबरी बूट. कोकणात जन्म गेला, पण समुद्रात कधी भिजले नव्हते, असं म्हणाल्या. तिकडच्या बायका किनाऱ्यावर मासळी निवडायला जातात, पोहायला नाही.

पेठेतला_माणूस, तुमच्या शंकेचं खरं उत्तरही देते. एका रात्री आजींचा रक्तदाब चढला. रक्तदाब मोजायचं यंत्र सोबत होतं, विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तासाभरात डॉक्टर घरी आले आणि सकाळपर्यंत सगळं ठीक झालं. भीती वाटली. पण तयारी होती.

पेठेतला_माणूस | १९ नोव्हेंबर

ताई, सगळं वाचलं. तुम्ही केलंत ते योग्य केलंत. वडिलांना आम्ही विचारलं होतं आणि ते "नको" म्हणाले होते. तुम्ही विचारलंच नाहीत, हा फरक आज लक्षात आला. आई आहे अजून, ७६ वर्षांची. वॉकर लागतो. तिला नेता येईल का? गाडी कशी केलीत?

कात्रबोर्नकर | २० नोव्हेंबर

मावशींनी मला परवा फोन करून आजींचा पत्ता मागितला. पुढच्या चतुर्थीला आमंत्रणपत्रिका पाठवायचीय म्हणे.

पेठेतला_माणूस, जरूर या. गंगा तलावही करा, गाडी तळ्याच्या अगदी जवळ जाते. फक्त ती जागा उंचावर आहे, वारा गार असतो, आईंसाठी शाल ठेवा.

ऊसमळा | २० नोव्हेंबर

वॉकर असला तरी नक्की जमेल. आम्ही चालकासकट मोठी व्हॅन दिवसाच्या भाड्यानं केली होती. व्हॅनची पायरी उंच असते, म्हणून चालकाला आधी सांगून लाकडी पाट सोबत ठेवला. त्यावर पाय ठेवून आजी एकट्या चढायच्या. वॉकर घडी होणारा घ्या, मागे सामानात बसतो. पुढची, चालकाशेजारची जागा आईंना द्या, धक्के कमी लागतात आणि बाहेरचंही दिसतं. किनाऱ्यावरच्या वाळूत वॉकर रुततो, तिथे दोन माणसांचा आधारच लागेल. काचेच्या तळाची बोट करायची असेल तर ब्लू बेला जा, पण चढायला पायरी कशी आहे ते आदल्या दिवशी कुणीतरी बघून या. आधारची तारीख आणि दाखल्याची तारीख एक आहे ना, ते आजच बघा. चालकाचा नंबर व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवते.